संस्थान गेले, संघ राहिला

26 जून 2022 या दिवशी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी एकमुखाने लिहिले, 'मध्य प्रदेशाचे पहिले विजेतेपद'. आमच्या इंदूरच्या घरी मात्र त्या मथळ्यावरून सकाळचे पोहे थंड झाले. ऐंशी ओलांडलेले काका वर्तमानपत्र बाजूला सारून म्हणाले, "पहिलं कसलं? पाचवं!"

सामन्याचे पाचही दिवस घरात एक वेगळाच पेच होता. पुण्याहून आलेले आतेबहिणीचे यजमान मुंबईच्या बाजूने. त्यांचे म्हणणे साधे होते, "आपण मराठी माणसं, मुंबई म्हणजे आपली." काकांनी त्यांना आदराने, पण ठाम ऐकवले, "जावईबापू, मुंबईने आम्हांला कितीदा रडवलंय ते तुम्हांला ठाऊक नाही. 1945 ला रडवलं, 1952 ला रडवलं, 1954 ला तर आमच्या अंगणात येऊन रडवलं. आज मी मुंबईच्या बाजूने बसलो तर वडील स्वर्गातून खाली उतरतील."

सीमाभागातल्या वाचकांना हा पेच समजावून सांगायची गरज नाही. घरातली भाषा एक, रस्त्यावरची दुसरी, आणि सामना लागला की कुणाच्या बाजूने बसायचे हा प्रश्न तिसराच. बेळगावच्या किंवा बिदरच्या मराठी घरात कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र असा सामना असेल तेव्हा काय होत असेल याची मी कल्पना करू शकतो. इंदूरच्या मराठी माणसाचे उत्तर मात्र फार पूर्वी ठरून गेले. ते ठरवले 'होळकर' नावाच्या एका क्रिकेट संघाने.

या नावापाशी जरा थांबले पाहिजे. रणजी स्पर्धेत मुंबई, बंगाल, मद्रास असे प्रांतांचे संघ होते. बडोदे, हैदराबाद, म्हैसूर, नवानगर असे संस्थानांचेही होते. पण हे सगळे संघ गावाच्या किंवा मुलखाच्या नावाने खेळत. आमचा संघ 'इंदूर' या नावाने खेळला नाही. तो खेळला एका घराण्याच्या आडनावाने. आणि ते आडनाव तरी कुठले? नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. मल्हारराव तिथले, मेंढपाळाच्या घरातले. अठराव्या शतकात ते माळव्यात आले, अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य केले, आणि 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला स्थिरावली. त्यामुळे कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या धावफलकावर 'होळकर' अशी पाटी लागे तेव्हा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, नीरेकाठचे एक खेडे तिथे लिहिले जाई.

संघाची मुळे मात्र त्या पाटीपेक्षा जुनी. 1923 साली तुकोजीराव होळकरांनी नागपूरचा एक उंच, ताठ कण्याचा तरुण इंदूरला बोलावून घेतला आणि त्याला संस्थानच्या लष्करात हुद्दा दिला. तो म्हणजे कोट्टारी कनकय्या नायडू. तीन वर्षांनी, 1926 साली, मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. च्या इंग्रज संघाविरुद्ध हिंदूंच्या संघाकडून त्यांनी 153 धावा कुटल्या आणि त्यांत अकरा षटकार मारले. 1932 साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हा कप्तान तेच. इंदुरात त्यांना कुणी नुसते नायडू म्हणत नसे. 'कर्नल साहेब' किंवा 'सी. के.' एवढेच. 1934 मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा आमच्या बाजूचा संघ 'मध्य भारत' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने, सेंट्रल इंडिया म्हणून उतरत असे. त्यात देवासच्या महाराजांच्या आश्रयाने राहिलेला सांगलीचा एक मितभाषी तरुणही होता. त्याचे नाव विजय हजारे. पुढे हजारे बडोद्याला गेले आणि 1941-42 पासून आमच्या संघाला 'होळकर' हे नाव लागले. तोपर्यंत गादीवर यशवंतराव होळकर आले होते. माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून बांधून घेणारा हा आधुनिक आवडीनिवडीचा राजा. त्यांच्या नावाच्या यशवंत क्लबचे मैदान हेच संघाचे घर झाले.

संघ कसा जमला, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. संस्थानाने खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, हुद्दे दिले, आणि ते आले. मुंबईकर चिडून म्हणत, हा विकत घेतलेला संघ. म्हणोत. पण नुसत्या पगारावर संघ उभा राहत नाही. मुश्ताक अली तर इंदूरचेच. वडील पोलीस खात्यात. सी. के. नी त्यांना पोरवयात खेळताना पाहिले आणि हाताशी धरले. 1936 साली मँचेस्टरला मुश्ताकनी 112 धावा केल्या. परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे, कमल भांडारकर पुण्याचे, शिवाय माधवसिंह जगदाळे आणि निवसरकर. जोडीला पारशी भाया, सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. कप्तान तेलुगू, त्याचा लाडका शिष्य मुसलमान, यादीतली निम्मी-अधिक नावे मराठी, आणि टाळ्या वाजवणारे लोक माळवी, हिंदी, मराठी, गुजराती बोलणारे. 'हा संघ मराठी होता का?' असे मला पुष्कळदा विचारतात. नावाने होता, नावांनीही बराचसा होता. पण कप्तानाच्या आरोळीला जो धावे तो होळकरांचा, एवढीच त्या मैदानावरची व्याख्या होती.

आता 1945 च्या मार्चातला तो अंतिम सामना. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत आमच्या शेजारी महूच्या छावणीत होता. महू म्हणजे इंदूरपासून तासाभराचा रस्ता. त्यामुळे हा लॉर्ड्सचा लाडका फलंदाज होळकरांकडून खेळला. मुंबईने पहिल्या डावात 462 केल्या, होळकरांनी 360. दुसऱ्या डावात मुंबईने जे सुरू केले ते थांबेचना. एकट्या विजय मर्चंटनी 278 काढल्या आणि एकूण झाल्या 764. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात मिळून 917 चेंडू टाकले. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कुणीही टाकलेले नाहीत. खांदा कसा शिल्लक राहिला देव जाणे!

जिंकायला हव्या होत्या 867. आता असे लक्ष्य समोर आले की शहाणा संघ मनातून हरतो. होळकरांनी 492 केल्या. पहिल्या डावात 109 काढणाऱ्या मुश्ताकनी पुन्हा 139 केल्या आणि कॉम्प्टन 249 वर नाबाद राहिला. कॉम्प्टन पुढे आयुष्यभर एक किस्सा सांगत असे. एका धनिकाने त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे शंभर रुपये कबूल केले होते. सामना संपल्यावर कॉम्प्टन शोधायला गेला तर शेठजी तातडीच्या कामाने परगावी गेल्याची चिठ्ठी तेवढी हाती आली. किस्सा खरा किती आणि रंगवलेला किती हे सोडा. इंदुरात तो ऐकताना लोक हसत नाहीत, जरा खजील होतात. जणू देणे आपलेच राहिले आहे. होळकर 374 धावांनी हरले. चार डावांत मिळून 2078 धावा झाल्या होत्या. आमचे आजोबा तेव्हा शाळामास्तर होते. त्यांच्या तोंडून हा पराभव काकांनी इतक्यांदा ऐकला, की तो आमच्या घरात विजयासारखा सांगितला जातो.

पुढच्याच हंगामात, 1945-46 साली, त्याचे उट्टे निघाले. उपान्त्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरांनी आठ बाद 912 वर डाव सोडला. भांडारकर 142, सरवटे 101, जगदाळे 164, सी. के. 101, निंबाळकर 172, प्रताप सिंह 100. एका डावात सहा शतके! प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते. रणजी स्पर्धेतली ही सर्वोच्च धावसंख्या हैदराबादने 1993-94 साली मोडीपर्यंत जवळजवळ अर्धशतक टिकली. अंतिम सामना बडोद्याशी. सी. के. नी द्विशतक काढले तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षे उलटून गेले होते. ज्या वयात आपल्याकडे माणसे गुडघ्यांना तेल चोळायला लागतात त्या वयात हा गृहस्थ बरोब्बर 200 काढतो! होळकर 56 धावांनी जिंकले. पहिला करंडक.

सी. के. यांच्या शिस्तीच्या गोष्टी इंदूरच्या प्रत्येक जुन्या घरात आहेत. मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तर त्यांनी ते खेळपट्टीवरून बॅटने बाजूला सारले आणि पुढच्या चेंडूला उभे राहिले, ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली. वय तेव्हा पंचावन्नच्या पुढचे. चेंडू लागला तर चोळायचा नाही, असा त्यांचा दंडकच होता म्हणे. आमच्या लहानपणी पडून गुडघा फुटला की आजी हळद लावायची आणि आजोबा ओरडायचे, "चोळू नकोस! कर्नल साहेब बघताहेत!"

बडोद्याशी आमचे वैर मोठे गोड होते. गुजरातीच्या मुलखात मराठ्यांचे एक राज्य, माळवीच्या मुलखात दुसरे, आणि दोघांचे संघ पाच हंगामांत तीनदा अंतिम सामन्यात समोरासमोर आले. 1947 च्या मार्चमध्ये बडोद्याला त्यांनी 1946 चा हिशेब व्याजासकट चुकता केला. होळकर 202 वर गारद. मग विजय हजारे 288 आणि गुल महंमद 319. चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागीदारी. बडोद्याच्या झाल्या 784, आमचा दुसरा डाव 173, आणि पराभव एक डाव नि 409 धावांनी. ती भागीदारी 2006 पर्यंत जगात कुठल्याही गड्यासाठी सर्वांत मोठी होती. सांगलीकडचा हजारे आणि लाहोरचा गुल महंमद यांनी ती रचली, त्यानंतर पाच महिन्यांत देश दुभंगला. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. मुश्ताक अली इंदुरातच राहिले, आणि 2005 साली वारले तेही इंदूरचे म्हणूनच.

1947-48 साली होळकरांनी इंदूरला मुंबईला नऊ गडी राखून हरवले. आणि त्याच वर्षी, 28 मे 1948 रोजी, होळकर संस्थान मध्य भारत संघराज्यात विलीन झाले. नाणी गेली, लष्कर गेले, राजमुद्रा गेली. खरे म्हणजे क्रिकेट संघही त्याच दिवशी जायला हवा होता. पण तो गेला नाही! क्रिकेटच्या कागदांवर 'होळकर' हे नाव आणखी सात हंगाम राहिले. नकाशावर नसलेल्या राज्याचा संघ त्या सात हंगामांत सहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोनदा जिंकला. 1950-51 साली इंदूरला गुजरातविरुद्ध 189 धावांनी, आणि 1952-53 साली खुद्द कलकत्त्यात बंगालविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत दहा अंतिम सामने आणि चार करंडक, असा हा हिशेब आहे. त्या काळच्या मुंबईलाही इतक्यांदा अंतिम सामना गाठता आला नाही, हे काका सांगतात आणि त्यांचे खरे आहे.

माझ्या मते संघाचा खरा इतिहास याच सात वर्षांत घडला. संस्थान असताना टाळी वाजवणे हे थोडेफार दरबारातल्या मुजऱ्यासारखे होते. महाराज बघत असत. संस्थान गेल्यावर टाळी वाजवायची सक्ती कुणाचीच नव्हती. तरी मैदान भरे. इंदूरच्या मराठी घरांत त्या काळी एक अस्वस्थता होती. ज्यांच्या कचेऱ्या, मोडी दप्तरे, नोकऱ्या राज्याबरोबर होत्या त्यांचे काय होणार? काहींनी पुण्या-मुंबईची वाट धरली. जे राहिले त्यांच्यापाशी गणपती होता, महाराष्ट्र साहित्य सभा होती, आणि हिवाळ्यात यशवंत क्लबचे मैदान होते. तिथे शेजारी बसलेला माळवी दुकानदारही 'अपना होळकर' म्हणे. राज्य आपले होते असे तो कधी म्हणाला असता का, मला शंका आहे. संघ आपला म्हणायला त्याला अडचण वाटली नाही.

शेवट 1954-55 साली झाला. इंदूरलाच अंतिम सामना, समोर मद्रास. 46 धावांनी हार, आणि मद्रासचा पहिला करंडक. त्यानंतर दोन हंगाम संघ 'मध्य भारत' म्हणून खेळला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, मध्य भारतही गेला, आणि 'मध्य प्रदेश' हे नाव आले. सी. के. तोवर उत्तर प्रदेशात कप्तान होऊन गेले होते आणि एकसष्टाव्या वर्षी रणजी सामन्यात अर्धशतक काढत होते! 1967 साली इंदूरलाच त्यांनी देह ठेवला.

बाकीच्यांच्या कहाण्या लिहायच्या तर आणखी एक अंक लागेल. तरी भाऊसाहेब निंबाळकरांविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. 1948 च्या डिसेंबरात महाराष्ट्राकडून पुण्याला काठेवाडविरुद्ध ते 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर. प्रतिपक्षाच्या राजेसाहेबांना ही नाचक्की सोसवेना. उपाहाराला गेलेला संघ परत मैदानात उतरलाच नाही. त्या डावात समोर 205 धावा करणारे कोण, तर म्हैसूरविरुद्धच्या सहा शतकवीरांतले आपले कमल भांडारकर. हेच भांडारकर पुढे पुण्यात चंदू बोर्ड्यांचे गुरू झाले. निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही, हिरालाल गायकवाडांना एकच मिळाली, 1952 साली लखनौला. चंदू सरवटे नऊ कसोट्या खेळले, पण त्यांचे नाव राहिले ते 1946 च्या इंग्लंड दौऱ्यातल्या सरेविरुद्धच्या सामन्यामुळे. अखेरच्या गड्यासाठी त्यांनी आणि शुटे बॅनर्जींनी 249 धावा जोडल्या; अकरावा फलंदाज येताना पाहून मैदानाची निगा राखणारे लोक रूळ घेऊन निघाले होते, असे म्हणतात. सरवटे व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. 1983 चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांतही ते होते.

मध्य प्रदेशाच्या संघाने पुढची चाळीस-पन्नास वर्षे फारसे काही जिंकले नाही. या काळात इंदूरने क्रिकेटला दिले ते निराळेच. सुशील दोशींचे हिंदी धावते समालोचन इथूनच निघून देशभर गेले. आमच्या घरात त्यामुळे आणखी एक घोटाळा झाला. रेडिओवर पुणे लागे तेव्हा बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन आजोबा कान लावून ऐकत, आणि हिंदी लागे तेव्हा आम्ही पोरे. परिणामी आमच्याकडे आजोबांचा 'फलंदाज' आणि आमचा 'बल्लेबाज' एकाच डावात खेळत. चेंडू टाकला की गेंद होई आणि झेल घेतला की परत चेंडू. मास्तर असून आजोबांनी यावर कधी कान उपटले नाहीत. "बाद झाला ना? मग झालं," म्हणत.

1999 साली एकदा घास तोंडाशी आला होता. चंद्रकांत पंडित, मूळचे मुंबईचे, मध्य प्रदेशाचे कप्तान होते. बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी मिळालेली. नुसता दिवस काढला तरी करंडक. अखेरच्या दिवशी डाव कोसळला आणि 96 धावांनी हार पदरी आली. तेवीस वर्षांनी तेच पंडित प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर परत गेले. मुंबई 374, आमच्या यश दुबे 133, शुभम शर्मा 116, रजत पाटीदार 122, एकूण 536, मुंबई पुन्हा 269, आणि हव्या होत्या फक्त 108. विजयी धाव निघाली तेव्हा पंडितांच्या डोळ्यांत पाणी होते. जावईबापू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काका, पण प्रशिक्षक मुंबईचाच हं!" काका म्हणाले, "असू दे की. कर्नल साहेब तरी कुठे इंदूरचे होते?"

अधिकृत नोंदींत होळकरांची चार विजेतेपदे वेगळी आणि मध्य प्रदेशाचे एक वेगळे. नियमाने तेच बरोबर आहे. नवा संघ, नवे राज्य, निराळा मुलूख. ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा इथल्या मुलांना होळकरांच्या विजयाचे वारसदार म्हणावे तर त्यांनाही ते पटणार नाही. मी हे काकांना सांगून पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

पाटी मात्र परत आली आहे. उषाराजे मैदान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेडियमला 2010 साली 'होळकर स्टेडियम' असे नाव दिले गेले. तिथे 2011 साली सेहवागने एकदिवसीय सामन्यात 219 केल्या, 2016 साली पहिली कसोटी झाली. समालोचनाची खोली दोशींच्या नावाची आहे आणि देशातली वीस षटकांची स्पर्धा मुश्ताक अलींच्या नावाने खेळली जाते. 2023 च्या जानेवारीत न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याला काका हट्टाने आले होते, नातीचा हात धरून. तिने वरची पाटी वाचली आणि विचारले, "आजोबा, होळकर कौनसा प्लेअर था?"

काका खुर्चीत नीट टेकून बसले आणि त्यांनी नीरेकाठच्या होळ गावापासून सुरुवात केली. ते मंदसोरच्या तहापर्यंत पोहोचले तेव्हा रोहित शर्मा आणि शुभमन गिल यांची सलामी दोनशेच्या पुढे गेली होती.